फळ्यावर चौदा

टिंगू छाती बडवत झुडपातून बाहेर पडला आणि सातही पाहुणे पटापट गुडघ्यांवर बसले.

“त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही,” मागकाका म्हणाले. “बोट दाखवायचं नाही. खोकला आलाच तर तोंड फिरवून कोपरात खोकायचं. आणि ही दहा मीटरची दोरी म्हणजे आपली लक्ष्मणरेषा.”

टिंगूचं एवढ्याने समाधान झालं नाही. त्याने झुडपाची पानं ओरबाडून तोंडात कोंबली आणि लगेच थू थू करत बाहेर काढली.

“वानर थुंकत नसतं,” मागून मास्तर म्हणाला.

“मग तू खाऊन दाखव ना, शहाण्या.”

पाहुणे हसले. मागकाकांनी डोळे वटारले आणि दोन्ही वानरं मुकाट झुडपात गेली.

जंगलात पाहुण्यांची वानरं बघायची फेरी निघायची त्याच्या आदल्या दिवशी जंगलखात्याच्या कचेरीच्या अंगणात असा सराव होई. पंधरा वर्षं पुरी झाल्याशिवाय कुणालाही जंगलात सोडत नसत. म्हणून सुट्टीत कचेरीतल्या लोकांची मुलं वानरं व्हायची. नऊ वर्षांचा टिंगू कुळाचा दांडगा प्रमुख. त्याचा चुलतभाऊ मास्तर बारा वर्षांचा, जाड चष्म्याचा, रद्दीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारा. त्याला दर वेळी पोटाशी उशी बांधून लेकुरवाळी वानरीण व्हावं लागे आणि त्याचा त्याला मनस्वी राग होता.

टिंगूच्या ताईला उंचीमुळे सगळे शिडी म्हणत. गेली चार वर्षं ती सरावात आजीबाई व्हायची. आज मात्र ती दोरीच्या अलीकडे, पाहुण्यांच्या रांगेत बसली होती. अकरा दिवसांपूर्वी तिला पंधरा पूर्ण झाली होती आणि उद्याच्या फेरीतली आठवी जागा तिची होती.

खरी आजीबाई वर जंगलात होती. चौदा वानरांच्या कुळातली सगळ्यांत म्हातारी. तरुणपणी तारेच्या फासात तिची दोन बोटं गेली. तो फास शिडीच्या बाबांनी तोडला होता. बाबा आणि मागकाका वीस वर्षं जोडीने वानरांचा माग काढायचे. रोज संध्याकाळी खाली आले की बाबा सामानखोलीतल्या फळ्यावर खडूने लिहायचे. एका खान्यात आकडा, दुसऱ्या खान्यात खोकला आहे की नाही. वानरांना माणसाची सर्दी लागते. आपण दोन दिवस शिंकतो आणि बरे होतो, ती बरी होतीलच असं नाही. पलीकडच्या डोंगरावरची पाच वानरं एका पाहुण्याच्या खोकल्यापायी गेली होती.

“तुला पंधरा पूर्ण होऊ देत, मीच नेतो,” बाबा म्हणायचे. “आजीबाईच्या कानावर घालून ठेवलंय मी.”

त्यांनी शिडीसाठी बूटसुद्धा आणून ठेवले होते, दोन वर्षं आधीच, नुसत्या अंदाजाने. गेल्या पावसात दरड कोसळली आणि बाबा परत आले नाहीत. बूट मात्र आता तिला अगदी नेमके बसत होते. महिनाभर ती ते घालून, पाठीवर वजन घेऊन, कचेरीचा जिना चढत-उतरत होती. फळ्यावरचा आकडाही आता तीच लिहायची.

उद्याची फेरी हंगामातली शेवटची. नंतर पाऊस लागला की जंगल बंद. आजीबाई आता कुळाच्या मागे मागे रेंगाळते, हा पाऊस काढेल असं वाटत नाही, हे मागकाकांनी आईला सांगताना शिडीने ऐकलं होतं. तिच्याकडे हा एकच दिवस होता.

सराव संपला तसा टिंगू धावत सामानखोलीत आला. शिडी तिथे पाहुण्यांची जाकिटं वाळत घालायला आईला मदत करत होती.

“ताई, ते घड्याळवाले पाहुणे टाकीमागे जाऊन गोळी खातात. मी झुडपातून बघितलं. दोनदा.”

“खोकल्याची गोळी असेल. चघळायची.”

“चघळली नाही, पाण्याने गिळली. त्याआधी तोंडावर रुमाल दाबून इतके खोकले, की मला वाटलं आता पडतात.”

शिडीचा हात थांबला. परवा तिनेच त्यांना बूट घालून दिले होते. मनगटावर बशीएवढं घड्याळ असलेले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. एकही जोड बसेना म्हणून अर्धा तास ती त्यांच्या पायांशी बसली होती. ते तीन-चारदा शिंकले आणि म्हणाले होते, “फार धूळ हो तुमच्याकडे.” सामानखोली आई दिवसातून दोनदा पुसायची. तेव्हा शिडीला राग आला होता, पण संशय आला नव्हता.

मास्तरने एव्हाना त्यांच्या जाकिटाच्या खिशात हात घातला होता.

“दुसऱ्याच्या खिशात हात घालतोस?” शिडी म्हणाली.

“भाड्याचं जाकीट आहे. खिसा आपला.” त्याने गोळ्यांची चंदेरी पट्टी बाहेर काढली आणि नाकाला लावून वाचली. “ताप उतरवायच्या आहेत. दहातल्या आठ संपल्यात.”

तिघंही कचेरीत साहेबांकडे गेली. साहेब उद्याचे कागद लावत होते. त्यांनी पट्टी पाहिली, मुलांकडे पाहिलं आणि पट्टी परत शिडीच्या हातात ठेवली.

“दुपारीच सगळ्यांचा ताप मोजलाय. सगळे ठीक. कागदावर आहे.”

“गोळी घेतल्यावर ताप उतरणारच ना, साहेब,” मास्तर म्हणाला.

“तू डॉक्टर कधी झालास? अरे, लोक कुठून कुठून येतात, वर्ष वर्ष थांबून येतात. तुम्ही म्हणता म्हणून त्यांना परत पाठवू? पळा.”

तीन पोरं हिरमुसून पायरीवर बसली. मग टिंगू म्हणाला, “शिट्ट्या.”

जंगलात कुणी चुकलंच तर फुंकायला प्रत्येक पाहुण्याला शिट्टी देत. ती वाजते का ते आधी बघायचं असतं. मास्तरने पोटाची उशी सोडली, चष्मा पुसला आणि जेवणघरात जाऊन सातही पाहुण्यांना मोठ्या अदबीने सांगितलं, की एका दमात दहापर्यंत मोजून होईतो शिट्टी वाजली पाहिजे, नाहीतर बदलून देऊ. साहेबही दारात येऊन उभे राहिले.

सहा शिट्ट्या वाजत राहिल्या. घड्याळवाल्यांची चार आकड्यांत बंद पडली आणि मग त्यांना अशी खोकल्याची ढास लागली, की शेजारच्यांनी त्यांची पाठ चोळली.

“बघा,” टिंगू म्हणाला.

“धूळ,” घड्याळवाले डोळे पुसत म्हणाले. “शिट्टी घाणेरडी आहे.”

“शिट्ट्या मी उकळून ठेवल्यात,” आई म्हणाली.

“वहिनी, जाऊ द्या,” साहेब मध्ये पडले. “पोरखेळ पुरे झाला. धुळीने खोकला कुणालाही येतो.”

मागकाका तिथे असते तर गोष्ट वेगळी झाली असती. पण ते उद्याच्यासाठी कूळ कुठे मुक्काम करतंय ते बघायला वर गेले होते. संध्याकाळी त्यांचा वायरलेसवर आवाज आला, “चौदा. खोकला नाही. मी वरच्या चौकीत थांबतो, सकाळी फाटकावर भेटू.” शिडीने फळ्यावर लिहिलं आणि ठरवलं, की सकाळी काकांनाच सगळं सांगायचं.

उजाडताना ती जागी झाली तेव्हा घशात काटे भरल्यासारखं झालं होतं. अंग कढत होतं. थर्मामीटर लावला तर एकशे एक.

अंथरुणाशेजारी बूट होते. नाड्यासुद्धा ओवून ठेवलेले.

ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. कालची पट्टी अजून तिच्या खिशात होती. दोन गोळ्या उरल्या होत्या. एक घेतली तर फाटकावर पोहोचेपर्यंत ताप उतरेल. तोंडावर पट्टी बांधायचीच असते. दहा मीटर लांब उभं राहायचं असतं. आणि फक्त एक तास. तिने गोळी बाहेर काढून तळहातावर ठेवली.

टिंगू जागा होऊन तिच्याकडे बघत होता. त्याला सगळं समजलं.

“घे,” तो हळूच म्हणाला. “मी कुणाला नाही सांगणार. आईची शप्पथ.”

शिडीला रडू फुटलं. खोकत, नाक पुसत, आवाज दाबून ती रडली. टिंगूही रडला, कारण ताई रडताना त्याने बाबा गेले तेव्हाच पाहिली होती. मग तिने गोळी उशीवर ठेवली, पट्टी परत खिशात टाकली आणि बूट घातले. एवढं अंतर तरी ते घालून चालायचंच, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

फाटकापाशी औषधाच्या पाण्याचं पसरट घमेलं ठेवलं होतं. त्यात बूट बुडवून एकेक जण आत जाणार होता. पाहुणे काठ्या घेऊन रांगेत उभे होते. घड्याळवाले सगळ्यांत पुढे, अगदी टवटवीत. सकाळची गोळी त्यांनी दुसऱ्या पट्टीतून घेतली असावी.

शिडी रांगेत न जाता लांबच थांबली.

“काका,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “जवळ येऊ नका. मला ताप आहे.”

मागकाका जागच्या जागी थबकले. “कधीपासून?”

“आज सकाळपासून. गेल्या महिनाभरात मी शाळेत नाही, बाजारात नाही. घर आणि सामानखोली. घरात कुणी आजारी नाही. तीन दिवसांपूर्वी मी या घड्याळवाल्या पाहुण्यांना अर्धा तास बूट घालून देत होते आणि ते शिंकत होते.” तिने पट्टी फाटकाशेजारच्या टेबलावर ठेवली आणि पुन्हा मागे सरकली. “ही त्यांच्या जाकिटात होती. काल साहेबांना सांगितलं. त्यांना पुरावा हवा होता, तर पुरावा मीच आहे. माझा ताप बघा.”

साहेबांच्या हातातले कागद खाली आले.

“खरं आहे का हे?” मागकाकांनी विचारलं.

घड्याळवाले आधी रागावले, मग हसण्यावारी न्यायला लागले, मग शेजारच्या दगडावर बसले. “तीन दिवस झाले,” ते म्हणाले. “साधी सर्दी आहे हो. दोन वर्षं वाट बघितलीय मी या दिवसाची.”

“मी पण,” शिडी म्हणाली.

मागकाकांनी फाटकाला आतून कडी घातली. तीन दिवस सगळे पाहुणे एका टेबलावर जेवले होते, एका खोलीत बसले होते. कुणालाच जाता येणार नव्हतं. “फेरी रद्द,” ते म्हणाले. “मी एकटा वर जातो. मोजून येतो.” मग ते शिडीकडे वळले. त्यांना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण आज तेही चालणार नव्हतं. ते घमेल्याच्या पलीकडे नुसते उभे राहिले. “तुझे बाबाही हेच करते, पोरी,” ते म्हणाले आणि पाठ फिरवून चालायला लागले.

दुसऱ्या दिवसापर्यंत आणखी दोन पाहुणे तापाने आडवे झाले. मग सगळ्यांना पटलं. साहेब घरी आले, शिडीच्या खाटेपासून लांब खुर्ची घेऊन बसले आणि म्हणाले, “मी चुकलो. तुम्हा तिघांमुळे कूळ वाचलं.” आता नियमात बदल झाला होता. सामानखोलीतल्या कुणालाही शंका आली तरी फेरी थांबवता येणार होती. घड्याळवाल्यांनी माफीची लांबलचक चिठ्ठी ठेवली होती. मास्तरने ती वाचून तिच्यातल्या चुका सांगितल्या. मोठ्या माणसांनी कौतुकाचा नुसता पाऊस पाडला. शिडी “हो” म्हणायची आणि भिंतीकडे वळायची. तिला कुणाची शाबासकी नको होती. तिला आजीबाई बघायची होती.

मग खरा पाऊस लागला. जंगल बंद झालं. मागकाका तेवढे रोज वर जात होते. रोज संध्याकाळी शिडी वायरलेसपाशी बसायची. “चौदा. खोकला नाही.” ती लिहायची. “चौदा. खोकला नाही.” महिना झाला. चाळीस दिवस झाले.

एकेचाळिसाव्या संध्याकाळी वायरलेस वाजलाच नाही. मागकाका स्वतःच खाली आले, निथळत. सामानखोलीच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. शिडीच्या हातात खडू होता.

“आजीबाई?” तिने विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली. “पानांच्या बिछान्यावर, झोपेतच. बाकीची सगळी तिच्याभोवती बसून होती. म्हातारी झाली होती गं.”

“खोकला होता?”

“नव्हता. कुणालाच नाही. तेरा आहेत, सगळी धडधाकट. पुढच्या वर्षी तुला—”

“पुढच्या वर्षी त्यात ती नसेल.”

“नाही,” मागकाका म्हणाले. “नसेल.”

आई, टिंगू आणि मास्तर दारात येऊन थांबले. शिडीने फळ्यावरचा चौदा पुसला. त्याच्या खालच्या ओळीत बाबांच्या हातचं अक्षर अजून थोडं पुसट राहिलं होतं, ते पुसलं जाऊ नये म्हणून तिने कडेकडेने पुसला. पहिल्या खान्यात तिने तेरा लिहिलं. दुसऱ्या खान्यात तिने अक्षर नीट काढलं. खोकला, नाही.

मग ती फळ्याखाली, आपल्या बुटांशेजारी बसली आणि पोटभर रडली. बूट अजून जंगलात गेलेच नव्हते. टिंगू येऊन तिला चिकटून बसला. कोपऱ्यातलं फडकं घेऊन त्याने बूट पुसायला सुरुवात केली, आधी डावा, मग उजवा. त्यांना कुठेच काही लागलेलं नव्हतं, तरी तो पुसत राहिला.