मधली रेघ

आमच्या मबिनी गावाच्या किनाऱ्याला बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी मुबलक. त्यांतल्या तीन जाती दिसायला सारख्याच: निळी पाठ, काळ्या रेघा. पाहुणे पुस्तकं उघडून भांडतात, मग फोटो माझ्याकडे येतो. रेघांकडे बघायचंच नाही, कड बघायची. नुसती पिवळी, नुसती नारिंगी, की नारिंगीच्या बाहेर पांढरी? चाळीस वर्षांत माझी एकही जात चुकलेली नाही.

पाहुण्यांना पाण्याखाली नेऊन त्या दाखवते माझी मुलगी लिगाया. मंगळवारी तिने एक फोटो आणला. नारिंगी कड, बाहेर पांढरी. मी जात सांगून टाकली.

"आई, मधली रेघ बघ की."

शेपटाकडे ती तांदळाएवढी तुटली होती. माशाने तोंड मारलं असेल, म्हटलं.

आमच्या घराण्यात होडीच्या दोन्ही अंगांना एकेक लांब काळी रेघ असते. घरचं माणूस समुद्राने नेलं की त्याच्या बसायच्या जागी ती रेघ खरवडून तोडतात. माझा नवरा इस्को मागे बसायचा. सहा वर्षं झाली.

बुधवारी तीच गोगलगाय धक्क्याखाली दिसली. गुरुवारी आमच्या होडीच्या नांगराच्या दोरावर. आता तिची मधली रेघ पुढेही तुटली होती. होडीत पुढे लिगाया बसते.

"उद्या तू पाण्यात जायचं नाहीस," मी म्हणाले.

"सगळ्या गावाला दटावतेस, आणि बोटाएवढ्या गोगलगायीला घाबरतेस?"

"घाबरते. पडवीतल्या बाकावरून हलायचं नाहीस."

जावई रोडेल हसला. सासूबाईंच्या हुकमापुढे समुद्राचं तरी काय चालणार, म्हणाला, आणि सकाळी एकटाच पाहुण्यांना घेऊन गेला. लिगाया बाकावर कुरकुरत लसूण सोलत बसली.

दुपारी होडी परतली. माणसं मोजली, सगळी होती. माझाच मला राग आला.

होडी धुवायला उतरले. रेघ पुढे तुटली होती. सकाळी मी स्वतः पाहिली होती, तिथे अखंड. आणि हे खरवडणं ताजं नव्हतं. ओरखड्यांत मीठ साचलेलं, कडेला शेवाळ. रोडेल म्हणाला, कुणी हातसुद्धा लावला नाही.

वर आले.

लिगाया बाकावरच होती, कुशीवर झोपलेली. लसूण अर्धी सोललेली.

केसांतून पाणी ठिबकत होतं. विहिरीवर डोकं धुतलं असेल, म्हटलं, तरी एक थेंब जिभेला लावला.

खारट.

मी तिच्याजवळ बसून आहे. अजून हाक मारलेली नाही.