देवरावची साखळी

बसा. पाय कुठवर गेला हे येणारा प्रत्येक जण बघतो, कसा गेला ते कोणी विचारत नाही.

मी सिग्नलचा माणूस. नागपूरहून मौद्याकडे जाताना एक छोटं स्टेशन लागतं, तिथल्या रिले रूमची किल्ली माझ्याकडे असायची. रुळांतून बारीक करंट फिरत असतो. चाकं आली की तो मधूनच परत फिरतो, स्टेशनात लाल दिवा लागतो आणि मागचा सिग्नल आपोआप लाल होतो.

रुळांचे बोल्ट आवळणारा देवराव बहिरा होता. गाडीची शिट्टी ऐकू येत नसे, म्हणून कामाला वाकण्याआधी तो दोन्ही रुळांवर लोखंडी साखळी आडवी टाकायचा. करंट फसायचा, सिग्नल लाल. मला हे ठाऊक होतं.

मागच्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी लाल दिवा हटेना. गाड्या तुंबल्या, साहेब फोनवर आईबहिणीवर आला. त्या उन्हात दोन किलोमीटर बघायला कोण जाणार? रूळ मोकळा आहे असं सिग्नलला भासावं म्हणून मी रिलेवर एक तार लावली. दिवा विझला, सिग्नल हिरवा झाला. देवराव साखळीच्या भरवशावर वाकलेलाच होता.

मी नालायक माणूस आहे. दातांनी सोललेली ती लाल तार मी त्याच्या चितेत टाकली आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडलो.

त्याच्या जागी त्याची मुलगी कामिनी लागली. यंदाच्या मेमध्ये त्याच जागी रुळांच्या सांध्यावरून करंट नेणारी जोडतार सैल झाली, आम्ही दोघं गेलो. तिने पिशवीतून बापाची साखळी काढली.

"काका, टाकू?"

"टाक वं."

स्टेशनमास्तर मनोहररावांना फोन केला. लाल आला म्हणाले. रिले रूमला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. मी निवांत कामाला लागलो.

थोड्या वेळाने जळक्या रबराचा वास आला. कामिनी उठली आणि रुळांपासून दूर जाऊन उभी राहिली.

"काय झालं वं?"

"बाबानं हाक मारली... इकडं ये म्हणे."

तेवढ्यात फोन वाजला. मनोहरराव होते.

"साखळी काहून काढली गा?"

"नाही काढली. इथंच हाय."

"मंग लाल कसा गेला..." त्यांचा आवाज खाली आला. "अन् रिले रूममंधी कोण हाय? आतून खुडबुड येऊन राहिली..."

कोळशाच्या भरलेल्या गाडीला ब्रेक लावला तरी थांबायला किलोमीटरभर लागतो. वळणावर ती दिसली तेव्हा तेवढं अंतर उरलं नव्हतं. मी उडी मारली, एक पाय मागे राहिला.

चौकशीत माझ्याच किल्लीने कुलूप उघडलं. रिलेवर लाल तार होती, टोकाला दातांच्या खुणा. ती काढायला गेलेल्या माणसाची बोटं भाजली.

कामिनीला यातलं काही माहीत नाही. बिचारी रोज डबा आणते. काल डबा ठेवता ठेवता म्हणाली, "काका, बाबा विचारून राहिले होते, तुम्ही कामावर परत कधी येता म्हणून."