एक टोपली बाजूला

सोलरचं काम घेतलं की मी आधी खडू घेऊन गच्चीवर जाते. दर तासाला टाकीची, कठड्याची, शेजारच्या इमारतीची सावली जिथे पडेल तिथे रेघ मारते. हे मोबाइलवरही होतं, पण खडूच्या रेघेवर माझा जास्त विश्वास आहे.

कोलशेतला काळुराम भोईरांच्या आवारात तीन इमारती होत्या. पहिलीत काळुरामकाका आणि कमळाबाई, मधली भाड्याने, तिसरीत मुलगा कमलेश, सून कृतिका आणि सात वर्षांची नात कल्पिता. काकांची फुप्फुसं थकली होती. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालायचं. ते थांबलं की दहा मिनिटांत त्यांचे ओठ निळे पडत. सोलर आणि बॅटरीचा सगळा घाट त्यासाठीच होता.

"लाइट गेली तर मशीन किती वेळ चालंल?" कमलेशने विचारलं.

त्या भागात गेल्या पाच वर्षांत वीज सलग पाच तासांपेक्षा जास्त गेली नव्हती. "आठ तास धरते," मी म्हणाले.

"नक्की ना मॅडम? बाबांचा श्वास आहे तो."

"नक्की."

एप्रिलमध्ये मी पहिल्या गच्चीवर चढले तेव्हा अर्ध्या गच्चीत मसाल्याच्या मिरच्या वाळत होत्या. अकरा वीसला मिरच्यांच्या कडेला उकिडवी बसलेली, टोपी घातलेली सावली दिसली. उन्हासाठी टोपी घालून कमळाबाई आल्या असतील म्हणून मी तिच्याभोवतीही रेघ मारली. तेवढ्यात खालून त्यांचीच हाक आली, "बाय, चाय घेतेस ना?"

मी वर पाहिलं. कोरं आकाश. खाली पाहिलं. सावली होती. वहीत 'वस्तू' या रकान्यात मी काही लिहिलं नाही.

कमळाबाई चहा घेऊन वर आल्या. खडूची आकृती पाहून त्यांनी पदर नीट केला.

"आमचे मामंजी," त्या म्हणाल्या. "मसाला राखतान. कावला फिरकत नाय."

"मावशी, पॅनल इथेच लावावं लागेल."

"लाव की. टोपीवर लाव त्यांच्या." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "मिठागरावर बी असेच बसायचे. दिसाला एक टोपली मीठ बाजूला सारायचे, पेंढ्याखाली. मी नवी नवरी. इचारलं, मामंजी, कुणासाठी ओ? बोलले, लागंल तवा कलंल."

मला त्या फार आवडल्या. निघताना त्यांनी गेल्या वर्षीच्या मसाल्याची बरणी माझ्या पिशवीत कोंबली. सावलीचा विषय मी वाढवला नाही.

मेमध्ये तिन्ही गच्च्यांवर पॅनल बसले. प्रत्येकाचं उत्पादन मला डोंबिवलीत घरी फोनवर दिसायचं. सातव्या पॅनलचा आलेख रोज अकरा वीसला खाली जायचा आणि बाराला पूर्ववत व्हायचा. मी पॅनल बदलला. वायर बदलली. खड्डा तिथेच, तेवढाच: रोज शून्य पूर्णांक पंधरा युनिट.

"मॅडम, आई बोलते राहू दे," कमलेश म्हणाला. "आजोबांना उठवू नका बोलते. आता काय बोलणार!"

चौदाव्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. संध्याकाळी पाचला, आभाळ गच्च भरलेलं असताना वीज गेली, ती सकाळी सातला आली. चौदा तास. मी आठ धरले होते.

हे मला सकाळी उठल्यावर फोनवर दिसलं. रात्री एक वाजता बॅटरी शून्यावर आली होती.

मी कमलेशला फोन लावला.

"बाबा? नाष्टा करतायत," तो म्हणाला. "भारी काम केलंत मॅडम. मशीन एक मिनिट थांबलं नाय."

मी नोंदी पुन्हा पाहिल्या. एक ते सात. बॅटरी शून्य. पॅनल शून्य. मशीन चालू.

ओट्यापाशी उभी राहून मी दुधाच्या बिलाच्या मागे गणित केलं. मशीनचे साडेतीनशे वॅट, सहा तास: दोन पूर्णांक एक युनिट. मग दुसरं केलं. शून्य पूर्णांक पंधरा, चौदा दिवस.

दोन पूर्णांक एक.

मी कमळाबाईंना फोन केला. गणित सांगितलं नाही. "मामंजींना माझा नमस्कार सांगा," एवढंच म्हणाले.

"सांगते गो बाय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला होता.

त्या दिवसापासून सातव्या पॅनलवर सावली नाही. आलेख स्वच्छ, घंटेसारखा. काका बरे आहेत.

गेल्या महिन्यात एका सोमवारी, अकरा वीसला, तिसऱ्या इमारतीवरचा एकविसावा पॅनल खाली गेला.

दुसऱ्या दिवशीही.

मी कृतिकाला सहज म्हणून फोन केला. "आम्ही मस्त," ती म्हणाली. मागे कल्पिता दोरीवरच्या उड्या मोजत होती.

मी तिसऱ्या इमारतीसाठी वेगळी, मोठी बॅटरी सुचवली. कमलेश हसला. "तिथं कशाला मॅडम? मशीन तर इकडं आहे."

आज सव्विसावा दिवस. दोन पूर्णांक एकचा आकडा कधीच मागे पडला, आणि कालपासून सावली दोन पॅनलांवर पडते.

तिसऱ्या इमारतीत कुणी आजारी नाही.