मोजून वाढलेला भात

आईचा शेवटचा साधा दिवस म्हणजे एक रविवार. मिरजेच्या घरी तिने नेहमीसारखा अनघाचा भात वजनकाट्यावर ठेवला. अनघा आता अडतीस वर्षांची. दंडावर चिकटवलेल्या टिकलीएवढ्या चकतीमुळे तिच्या रक्तातली साखर दर मिनिटाला स्वयंपाकघरातल्या डिजिटल पाटीवर उमटायची. तरी आईचा काटा काही सुटला नव्हता.

"एकशे दहा ग्रॅम," आई म्हणाली. थोरल्या वृंदाच्या ताटात तिने न बघताच भातवाढी उलटी केली.

"आई, पाटीवर सगळं दिसतंय गं."

"पाटीला काय कळतंय? तू सात वर्षांची होतीस तेव्हापासून मोजतेय मी."

"आणि तू गेल्यावर कोण मोजणार?"

"तेही लिहून दिलंय." आईने फ्रिजवरच्या अवयवदानाच्या कार्डाकडे चमच्याने खूण केली. "माझी बेटं तुला."

वृंदाने मान वर न करता लोणचं मागितलं.

मंगळवारी आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि कार्डाप्रमाणे तिचं स्वादुपिंड काढून घेतलं. त्यात विखुरलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांना सगळे बेटंच म्हणत. पूर्वी ती फार दिवस टिकत नसत. आता अवयवपेढीत ती अशी झपाट्याने गारठवत की बर्फाचा एक कणही न होता भोवतालचं द्रव काचेसारखं घट्ट होई. या काचनिद्रेत बेटं दहा वर्षं जशीच्या तशी राहत. त्यांना जागं करून अनघाच्या पोटात सोडायला वारसाची सही लागे, आणि आईने वारस म्हणून वृंदाचं नाव घातलं होतं.

घाई असती, तर वृंदाने त्याच दिवशी सही करून टाकली असती. काचनिद्रेने तिला दहा वर्षं देऊन ठेवली. आधी ती म्हणाली, वर्षश्राद्ध होऊ दे. मग म्हणाली, दहावीचे पेपर तपासून होऊ देत. अनघाने एकदाही तगादा लावला नाही, आणि वृंदाला त्याचाही राग यायचा. जिवंत होती तोवर आई हिचीच. आता हिच्याच पोटात राहायला जाणार.

जूनमध्ये अनघा न्हाणीघरात पडली. साखर एकदम उतरली होती. थरथर, घाम, अशी कुठलीच सूचना तिचं शरीर आताशा देत नसे. रिकाम्या घरात पाटी कोकलत राहिली. शेजाऱ्यांनी दार फोडलं. वृंदाने दवाखान्यातल्या बाकावरच सही केली.

पंधरा दिवसांनी डॉक्टर मगदूमांनी दोघी बहिणींना पडद्यावर जागी झालेली बेटं दाखवली. फिकट, कण्यांसारखी.

"आता यांची परीक्षा," ते म्हणाले. "साखरेचं पाणी देतो. साखरेच्या मानाने इन्सुलिन सुटलं, की पास."

थेंब पडले. थोड्या वेळाने आलेखाची रेघ वर चढली. साखर कमी केली, तशी बेताने खाली आली.

"ताई, बघ," अनघा हळूच म्हणाली. "आई मोजतेय."

वृंदाने डावी तर्जनी मुठीत दाबून धरली. नऊ वर्षांची असताना अनघाची सुई चोरून तिने त्या बोटाला टोचली होती आणि रक्ताचा थेंब घेऊन आईपुढे उभी राहिली होती. "सुयांशी खेळतात का गं?" म्हणत आईने ते पदराने पुसलं, आणि ती अनघाकडे वळली.

"डॉक्टर, साखर कुणाची आहे, हे कळतं यांना?"

"छे हो. साखर ती साखर."

वृंदा पडद्याकडेच बघत बोलू लागली.

"पेपरांचं खोटं होतं, अने. सही मी मुद्दाम लांबवली."

"माहितेय मला."

"हे नाही माहीत. लहानपणी मी रोज देवाकडे तुझा आजार मागायचे. स्वतःसाठी." तिने मुठीतली तर्जनी सोडली. "आईनं माझाही भात मोजला असता. मोजला असता ना गं?"