मावळतीकडच्या खिडक्या

बाई सायकलवाल्याकडे गेल्या होत्या त्या गंज आणायला.

"गंज?" त्याने हातातला पान्हा खाली ठेवला. "बाई, लोक माझ्याकडे गंज काढून घ्यायला येतात. न्यायला कोणी येत नाही."

"मला लागतो. तांबूस हवा, बारीक. पोपडे नकोत."

त्याने एका जुन्या चाकाच्या धावेवर कानस घासून कागदाची पुडी बांधून दिली. बाईंनी ती अत्तर हुंगावं तशी हुंगली आणि खुशीत घरचा रस्ता धरला.

एकतीस वर्षं या बाईंनी दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या. अर्धं शहर त्यांच्या हातच्या दातांनी हसायचं. यजमान गेले, त्यानंतर नोकरीही संपली, पण हात काही केल्या स्वस्थ बसेनात. सोबतीला नणंद राहायला आली होती. ती साऱ्या आळीची ताई. ताईंनी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढलेला. शेजारच्यांचं दूध उतू चाललं की शेजारणीच्या आधी ताईंना ऐकू यायचं.

मागच्या खोलीत, खिडकीशी, बाईंचं टेबल होतं. त्यावर पाटाएवढ्या फळीवर एक रस्ता उभा राहत होता. जग बुडून चाळीस वर्षं झाल्यावर दिसेल तसा. एका अंगाने ढासळलेली पाच मजली इमारत, औषधांचं दुकान, कुशीवर पडलेली बस, आणि छपरातून झाड बाहेर आलेली शाळा. भिंती प्लास्टरच्या. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या फुटक्या काचा केल्या होत्या, चहाच्या वाळलेल्या चोथ्याचा पाचोळा आणि उपटलेल्या गवताच्या मुळ्यांची झाडं. दात कोरायची जुनी हत्यारं आता भिंतींना तडे पाडत होती.

"यात माणसं का नाहीत हो?" ताईंनी एकदा विचारलं होतं.

"माणूस ठेवला की सगळे त्याच्याकडेच बघतात. रस्त्याकडे कोण बघणार?"

"तुम्ही सगळा कचरा मांडून ठेवलाय आणि वर सांगता, बघा म्हणून!"

दोघी हसल्या होत्या. असं हसणं त्या घरात फार दिवसांनी परतलं होतं.

त्या दिवशी बाईंनी आणलेला गंज बसच्या पत्र्यावर चोळला, कुंचला धुतला आणि जेवून जरा आडव्या झाल्या. उठून पाहतात तर औषधांच्या दुकानाची पायरी स्वच्छ. बाईंनी स्वतः फुंकून बसवलेली धूळ एका बाजूला सारलेली, आणि तिथे मोहरीएवढा ढीग.

"ताई, माझ्या टेबलावर फडकं फिरवलंत?"

"मी? फडकं फिरवून तुमच्या हातचं जेवण गमवू?"

बाईंनी धूळ पुन्हा बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पायरी पुन्हा झाडलेली होती. शिवाय बसच्या एका फुटक्या खिडकीला ठिगळ लागलं होतं.

बाईंनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ त्या वाकून राहिल्या. ठिगळ पुठ्ठ्याचं होतं, चारी कडांनी शिवलेलं. टाके केसाहून बारीक. कवळ्यांच्या प्रयोगशाळेत दहा कारागीर होते, पण कवळी नुसती हातात घेऊन ती कोणी घासली हे बाई सांगायच्या. प्रत्येक हाताची एक चाल असते. पायरी झाडणारा हात वेगळा होता आणि टाके घालणारा वेगळा. शाळेची पडलेली पाटी सरळ करणारा हात तर चक्क डावखुरा होता. त्या घरात डावखुरं कोणीच नव्हतं.

बाईंनी भिंग खाली ठेवलं, परत उचललं. त्यांनी टाके पुन्हा पाहिले आणि मनात आलं ते असं, की हे माझ्यापेक्षा सफाईचं काम आहे.

त्यांनी ताईंना सांगितलं. ताई हसल्या नाहीत. चष्मा काढून ठेवत म्हणाल्या, "मी बोलणार नव्हते, वहिनी. तुम्ही झोपता ना दुपारी… तेव्हा मला ऐकू येतं."

"काय?"

"ठोकणं. तीन ठोके, मग थांबा. पुन्हा तीन ठोके."

"उंदीर असेल."

"उंदीर मोजून ठोकत नाही."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर दोघी मागच्या खोलीच्या दाराबाहेर शेजारी-शेजारी बसल्या. पंखा बंद. उन्हाने तापलेल्या रंगाचा आणि प्लास्टरचा कोरडा वास खोलीतून येत होता. मागच्या लाँड्रीतल्या यंत्राची घरघर दुरून ऐकू येत होती, तीही थांबली. बाईंना काही कळेना. ताईंनी मात्र त्यांचं मनगट धरलं आणि बोटाने त्यावर ठेका धरला. टक, टक, टक… थांबा. टक, टक, टक… बाईंची खुर्ची करकरली, आणि ताईंचं बोट मनगटावर तसंच थांबलं.

"थांबले," ताई पुटपुटल्या. "आपलं ऐकतायत."

दुसरं कोणी असतं तर त्याच संध्याकाळी फळी उचलून बाहेर टाकली असती. ताईंनी तसं सुचवलंही. "देऊन टाकू या कोणाला तरी. बस झालं."

"कशाला?" बाई म्हणाल्या. "त्यांनी आपलं काय वाकडं केलंय? मोडलेलं नीट करतायत बिचारे."

झोपायच्या आधी त्यांनी शाळेच्या दारात आगपेटीतल्या पाच काड्या, दोऱ्याचा तुकडा आणि चमकीचा कागद ठेवला. दोन दिवसांत शाळेला छप्पर आलं. झाड मात्र कोणी कापलं नव्हतं, त्याच्या बुंध्याभोवती छपराला गोल मोकळीक ठेवली होती. ते पाहून बाईंचे डोळे भरून आले. "माणसं चांगली आहेत हो, ताई," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून त्या घराला एक वेगळाच उद्योग मिळाला. सकाळचा चहा टेबलाशी व्हायचा. बसमध्ये पडदे लागले. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोरी बांधली गेली आणि तिच्यावर नखाएवढे कपडे वाळू लागले. माणूस एकदाही दिसला नाही. ताई आधी खोलीच्या उंबऱ्यावरून बघायच्या. मग आत आल्या, आणि महिनाभरात आपल्या शालीचे धागे काढून शाळेच्या दारात ठेवू लागल्या. "त्या दोरीवर एक झबलं आहे," एका सकाळी त्यांनी हळूच सांगितलं, "नवीन आहे." त्या दिवशी दोघींनी दिवसभर आवाज न करता कामं केली, बाळ झोपलेल्या घरात करतात तशी.

असे सहा महिने गेले, आणि ते सुखाचे गेले.

नंतर एका सकाळी चहा होण्याआधीच ताई म्हणाल्या, "आज थांबतच नाहीत." ठोके आता मोजून येत नव्हते. घाईचे होते, एकावर एक. दोघी टेबलाशी गेल्या तरी ते बंद झाले नाहीत, आणि त्या दिवशी प्रथमच बाईंच्या कानांनाही ऐकू आले. शाळेच्या दारातल्या काड्या संपल्या होत्या. दोरीवरचे कपडे उतरवले होते. इमारतीच्या, दुकानाच्या, बसच्या एका बाजूच्या सगळ्या खिडक्यांवर काड्या आडव्या ठोकल्या होत्या. दुसऱ्या बाजूला बाईंची खुर्ची होती. तिकडच्या खिडक्या उघड्याच होत्या.

"आपल्याला भीत नाहीत," बाई म्हणाल्या. "मग कोणाला?"

त्यांना एक गोष्ट सुचली. त्यांनी फळी दोन्ही हातांनी धरून अलगद, पुढची बाजू मागे जाईल अशी फिरवली आणि काड्यांची नवी पेटी ठेवून खोलीबाहेर पडल्या. दुपारी पाहिलं तर बाईंकडे आलेल्या खिडक्यांवरच्या काड्या काढलेल्या होत्या आणि पलीकडच्या बाजूला त्या घाईघाईने, वाकड्यातिकड्या ठोकलेल्या होत्या. कोणाचंही काम सफाईचं नव्हतं. ती बाजू खोलीच्या खऱ्या खिडकीची होती, मावळतीकडची.

दोघींनी त्या खिडकीतून बाहेर पाहिलं. लाँड्रीच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. त्यामागे शाळेचं मैदान, पाण्याची टाकी, आणि भिंतीवर अंग चाटत बसलेलं मांजर. सगळं रोजच्यासारखंच होतं.

"वहिनी… ठोकणं थांबलं."

"गेले असतील?"

ताई वाकल्या आणि त्यांनी इमारतीच्या भिंतीला कान लावला. पुष्कळ वेळ त्या तशाच राहिल्या. मग हळूच सरळ झाल्या.

"आत आहेत. सगळे एकाच खोलीत. श्वास धरून बसलेत, वहिनी. एक तान्हं आहे… त्याचं तोंड कोणीतरी दाबून धरलंय."

ताईंच्या शालीचा एक पदर बाईंनी फाडला, त्या इमारतीवर अलगद पांघरला आणि चपला घातल्या.

सुताराचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. ऊन अजून चांगलं होतं, रस्त्यात माणसं होती, दोघातिघांनी बाईंना नमस्कार केला. सुतार मान खाली घालून करवत चालवत होता. ताज्या भुशाचा वास दुकानाबाहेरपर्यंत येत होता.

"फळ्या हव्यात," बाई म्हणाल्या. "दोन खिडक्यांना पुरतील एवढ्या. आजच."

"मावळतीकडच्या ना?" त्याने मान वर न करताच विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगत कोणीच नाही. सकाळपासून तुम्ही सहाव्या. एक शिंपी होता, एक मास्तरीण होती. सगळ्यांना मावळतीकडच्याच खिडक्या, आणि सगळ्यांना आजच. का, ते विचारलं की फळ्या उचलून चालू लागतात."

त्याने फळ्या बांधल्या. बाईंनी लहान खिळ्यांच्या डब्याकडे हात नेला, तेव्हा त्याने तो डबा मागे सरकवला आणि वितीएवढे खिळे मोजून त्यांच्या ओंजळीत दिले.

"हे घ्या. काल एक गृहस्थ लहान खिळे घेऊन गेले होते," तो म्हणाला. "सकाळी परत आले. म्हणाले, टिकले नाहीत."