बारा ठिपके, अकरा आवाज

त्या दिवशी मी गॅरेजवर फक्त डबा द्यायला गेले होते. यांचा मदतनीस आला नव्हता, म्हणून यांनी माझ्या हातात पिवळ्या रंगाची बाटली न् एक काडी दिली.

"बोल्ट पुरता आवळला गेला की हा पाना कट् वाजेल. वाजला की त्या बोल्टवर ठिपका. जमेल ना, सुपरवायझरबाई?"

"सातवी शिकलेय. बारापर्यंत येतं मला मोजता."

शर्यतीच्या जुन्या गाडीचं इंजिन होतं. स्टँडवर उलटं टांगलेलं, पोट वर न् उघडं. आत सहा दांडे, प्रत्येकाला दोन बोल्ट. वाकलं की करपलेल्या तेलाचा वास नाकात जाऊन बसायचा.

"अकरा वर्षं पडून होती ही," हे आवळता आवळता म्हणाले. "यातला एकच बोल्ट सैल राहिला होता. भर वेगात इंजिन अडकलं. चालवणारा जागीच गेला."

"मग आता कोण चालवणार?"

"मीच. उद्या सकाळी. ज्यानं बांधलं, त्यानंच आधी पळवायचं."

तेवढ्यात आमची दीड वर्षाची चिमणी बाकावरून घसरली न् तिनं भोकाड पसरलं. यांनी धावत जाऊन तिला उचललं, गप्प केलं. परत येऊन ठिपके बघितले न् पुढचा बोल्ट धरला. बारा ठिपके झाले. झाकण बसलं. मी घरी आले.

चिमणीला झोपवताना माझा थोपटणारा हात थांबला. ठिपके बारा... आवाज अकरा. तिच्या रडण्याच्या गडबडीत मी न आवळलेल्या बोल्टलाही ठिपका लावून बसले होते!

सांगावं, तर झालेलं काम पुन्हा उलगडायचं, न् गाडीचा मालक सकाळी दारात. न सांगावं, तर... मी चिमणीला कडेवर घेतलं न् अनवाणीच पळत सुटले.

हे गॅरेजच्या दारात हात धूत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. वाटलं, आता ओरडतील. यांनी फडक्याला हात पुसले.

आणि आतून आवाज आला. कट्.

"आत... कोण आहे?"

"कुणी नाही," हे हळूच म्हणाले. "मी एकटाच आहे..."

आत गेलो. पाना खुंटीवर होता. हलत होता.

यांनी झाकण काढलं. मी बोट दाखवलं. पाचव्या दांड्याचा दुसरा बोल्ट. पाना लावला, जरासं दाबलं, लगेच कट्. पुरता आवळलेला. मी तिथंच रडू लागले.

"अगं वेडे, सांगितलंस हे केवढं केलंस," यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेलकट हात, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही.

रात्रीतच इंजिन गाडीत बसवून सकाळी हे ती पळवून हसत परत आले. आज चार वर्षं झाली, त्या इंजिनानं कधी कुरकुर केली नाही. यांच्याकडे आता लांबलांबून इंजिनं येतात, न् ठिपके मीच लावते.

पण त्या रात्री झाकण पुन्हा बसवायच्या आधी उजेडाची बॅटरी माझ्या हातात होती, त्यामुळं मला दिसलं. त्या बोल्टवरचा रंग फिसकटला होता. शेजारी चार बोटांचे पिवळे ठसे होते. आपण वरून हात घातला, तर बोटांची टोकं खाली जातात.

या ठशांची टोकं वर होती, जसा आतून कुणी हात काढावा. आमच्याकडे.