न उघडलेली छत्री

नेव्हिलची पहिली भेट झाली तेव्हा मला दिसले ते फक्त त्याचे बूट.

लष्करी विमानतळावरच्या आमच्या छत्रीखान्यात एक उंच, अरुंद खोली होती. वैमानिकांच्या हवाई छत्र्या आम्ही मुली तिथे आढ्याला टांगून वाळवायचो, मग लांब टेबलावर त्यांच्या घड्या घालायचो. त्रेचाळीस सालचा ऑक्टोबर होता. इंग्लंडातल्या लिंकनशरवर सकाळपासून धुकं, आणि धुक्यातून झिरपणारी भुरभुर. मी शिडीवर उभी राहून रेशमाचे पदर सोडवत होते. खाली, त्या पांढऱ्या पदरांच्या मागे, चिखलाने भरलेले दोन बूट येऊन थांबले.

"कुणी आहे का?" पदराआडून आवाज आला. "का मी आधीच वर पोचलो?"

"वर पोचणारे लोक बूट पुसून येतात," मी म्हणाले.

पदर बाजूला झाला. पापण्यांवर पावसाचे थेंब, नाक लाल, आणि डोळ्यांत एक हसू… नेव्हिल प्रिडी, बाँबफेकी विमानाचा वैमानिक, वय बावीस. धुक्यात भटारखाना शोधत होता म्हणे. ज्याला भटारखाना सापडत नाही त्याला जर्मनी कसा सापडतो, असं मी विचारलं. त्यासाठी विमानात एक वेगळा माणूस ठेवलाय, असं तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

त्याच संध्याकाळी तो छत्री घ्यायला खिडकीवर आला. प्रत्येक छत्रीवर कार्ड असे, आणि कार्डावर घडी घालणारीची सही. त्याने माझी सही वाचली आणि सगळे विचारत तेच विचारलं.

"आणि नाहीच उघडली तर?"

याचं उत्तर आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं असायचं. "तर परत आणून द्या. बदलून देऊ."

रांगेतले इतर हसले. तो हसला नाही, मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिला. "आणलीय का कुणी कधी परत?"

"अजून तरी तक्रार नाही."

त्यानंतर तो माझ्या हातची सोडून दुसरी छत्री घेईना. आमच्या कॉर्पोरल पास्कबाईंची नजर भारी तिखट. "त्या प्रिडीच्या घडीला तुला दुप्पट वेळ लागतो ग," असं त्यांनी चारचौघींत ऐकवलं, आणि माझे कान तापले. खोटं नव्हतंच ते. दर फेरीनंतर छत्री परत देताना तो त्याच्या वाट्याच्या टॉफ्यांतली एक खिडकीवर ठेवून जाई. एकदा म्हणाला, "सही आज तिरकी आलीय. लक्ष कुठे होतं?"

"रांगेत लक्ष होतं, साहेब. मागे सहाजण उभे आहेत."

एका गुरुवारी तो निघता निघता थांबला. उद्या परत आलो की तुम्हाला एक विचारायचंय, म्हणाला… आणि न विचारताच गेला.

शुक्रवारी पहाटे त्याचं विमान आलं नाही. दहा वाजता फळ्यावरचं त्याचं नाव पुसलं गेलं. पास्कबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि मला खिडकीवर बसवलं. काम करत राहावं, हाच तिथला रिवाज.

अकरा वाजून दहा मिनिटांनी नेव्हिल खिडकीशी आला. काखेत छत्री. बाहेर भुरभुर चालू होती, पण पापण्यांवर एक थेंब नव्हता. मी खाली पाहिलं. बूट लख्ख पुसलेले.

"बदलून हवीय," तो म्हणाला. "उघडली नाही."

मग त्याने सांगितलं. तिकडे मोठी रांग आहे. टेबलामागे थेट पास्कबाईंसारख्याच एक बाई बसल्यात. त्या म्हणाल्या, छत्री निकामी निघाली असं घडी घालणारीकडून लिहून आणा, मग आत घेऊ. तो हे इतक्या शांतपणे सांगत होता, जणू पोस्टातून तिकिटं आणायला आलाय. मला भीती वाटायला हवी होती. पण मी विचारलं, कसं आहे तिकडे?

"स्वच्छ. निवांत. चहा मात्र बेताचाच."

माझी घडी चुकली… माझ्या हातांनी याला मारलं… एवढंच डोक्यात घुमत होतं. मी छत्री ओढून घेतली. बंदाच्या खिळीला मी बांधलेला, छत्री उघडायची कडी ओढली की तुटणारा लाल दोरा शाबूत होता.

"तुम्ही कडी ओढलीच नाहीत," मी म्हणाले.

तो दोऱ्याकडे बघत राहिला. विमान पेटल्यावर बाकीचे सहाजण उतरेपर्यंत कुणीतरी सुकाणू धरायला हवं होतं, तो आठवत आठवत म्हणाला, आणि मग वाटलं, आता वेळ कुठे उरलाय. त्याच्या मनगटावरचं घड्याळ दोन चाळीसवर थांबलं होतं.

पेन्सिल माझ्या हातात होती. दोन शब्द लिहिले असते तर त्याला आत जागा मिळाली असती.

"नाही लिहून देणार," मी म्हणाले. "माझी घडी चांगली आहे. कडी ओढल्याशिवाय आम्ही तक्रार घेत नाही. जा, आधी ओढून बघ. नेव्हिल… जा ना."

त्याला मी पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. त्याची गार बोटं माझ्या बोटांना लागली. कुणाशी बोलतेस ग, असं मागून पास्कबाईंनी विचारलं. मी वळून पाहिलं, आणि पुन्हा पुढे पाहिलं तर खिडकीत फक्त धुकं.

नऊ दिवसांनी, दुपारी, खिडकीवर चुरगळलेल्या रेशमाचं एक गाठोडं पडलं. मागे तो. हात गळ्यात बांधलेला, गालावर खरचटलेलं, आणि बूट चिखलाने भरलेले. इतका सुंदर चिखल मी जन्मात पाहिला नव्हता.

"उघडली," तो म्हणाला.

आपल्याच किनाऱ्यावरच्या दलदलीत पडला होता. बदकांच्या शिकारीला आलेल्या एका म्हाताऱ्याला तो सापडला, पण बरेच दिवस शुद्ध नव्हती. मी विचारलं, उडी कधी मारली? दोन एक्केचाळीसला, म्हणाला. आणि कडी ओढायचं सुचलं कसं?

"कुणीतरी रागावलं माझ्यावर," तो म्हणाला. "कोण, ते आठवत नाही."

मीही आठवण करून दिली नाही. मग त्याने शुक्रवारी विचारायचा राहिलेला प्रश्न विचारला. मी हो म्हणाले, आणि पास्कबाई भिंतीकडे तोंड करून नाक पुसत राहिल्या.

अठ्ठावन्न वर्षं संसार झाला आमचा. त्या खिडकीबद्दल मी कधी बोलले नाही, तोही नाही. शेवटच्या आजारात, एका उन्हाच्या दुपारी, त्याने माझा हात शोधला. डोळ्यांत तेच जुनं हसू.

"हेस्टर," तो म्हणाला, "त्या टेबलामागच्या बाई फार कडक आहेत ग. आता तरी लिहून देशील ना?"

म्हणजे त्याला सगळं आठवत होतं… इतकी वर्षं.

मी त्याचा तळवा उघडला आणि बोटाने सावकाश लिहिलं. छत्री परत मिळाली. तक्रार नाही. खाली सही केली. जरा तिरकीच आली.